रात्री दोनला निपल कोण शोधणार?

*ताई नमस्कार, खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आत्ता रात्रीचे अडीच वाजलेत आणि एका हाताने टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या. माझी मुलगी सात महिन्यांची आहे, घरात चिऊ म्हणतो. ती निपलशिवाय, म्हणजे नुसत्या चोखणीशिवाय, झोपतच नाही. निपल तोंडात दिलं की पाच मिनिटांत झोपते, तिथपर्यंत सगळं छान, पण तासाभराने ते पडतं की भोंगा सुरू, मी अंधारात चाचपडत शोधते, तोंडात देते, झोपते, परत तासाभराने तेच. काल मोजलं, ११ ते ६ मध्ये नऊ वेळा. सासूबाई म्हणतात फेकून दे ते आणि जायफळ उगाळून चाटव, आई म्हणते राहू दे बिचारीला, नवरा म्हणतो तू ठरव. सव्वीस आठवड्यांची रजा कधीच संपली, वर जोडलेली पण संपत आली, पुढच्या महिन्यात ऑफिस आहे. निपल बंद करू का? केलं तर ती रात्रभर झोपेल का?*
*— झोपेची थकबाकीदार, चिंचवड*

अगं थकबाकीदार, निपल चांगलं की वाईट हा वाद सासूबाई आणि आईला घालू दे, तू त्यात पडूच नकोस. तुझ्या पत्रातला खरा मुद्दा निपल नाहीचे, ते पडल्यावर उचलून देणारी तू आहेस हा मुद्दा आहे. चिऊला झोप लागते निपलनं आणि निपल येतं तुझ्या हातानं, म्हणजे तिच्या हिशोबात झोप ही बोंब मारली की घरपोच येणारी वस्तू आहे. काल रात्री नऊ वेळा डिलिव्हरी झाली.

आणि तू जे 'तासाभराने' लिहिलंयस ना, ते अगदी घड्याळाबरहुकूम आहे. या वयात झोपेचं एक चक्र साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं, आपलं मोठ्यांचं ९० च्या आसपास. चक्र संपलं की सगळेच थोडे वर येतात, तू पण येतेस, कूस बदलतेस, चादर ओढतेस आणि सकाळी काही आठवत नाही. पण शिवनेरीत नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस आणि लोणावळ्याला डोळे उघडले तर शेजारी खांदाच नाही, तर तू परत डोळे मिटशील का? चिऊचं तेच होतंय. झोपताना तोंडात होतं ते आता नाहीये, मग शोध आईला.

आता 'रात्रभर'चं. ही रात्रभर झोपणारी बाळं बहुतेक शेजारच्या घरात असतात, आपल्या घरात कधीच नसतात. २०१८ मध्ये कॅनडातला एक अभ्यास छापून आला होता, त्यात सहा महिन्यांच्या बाळांपैकी साधारण ३८ टक्के बाळं सलग सहा तास सुद्धा झोपत नव्हती, आणि वर्षाची झाल्यावरही २८ टक्के. त्यामुळे सात महिन्यांची चिऊ रात्री एकदा-दोनदा दुधाला उठली तर ते बिघडलेलं नाही, ते वय आहे. आपल्याला नऊवरून दोनवर यायचंय, शून्यावर नाही. शून्याचं मनात धरून बसलीस तर दोन वेळा उठणारं गुणी बाळ पण तुला छळवादी वाटेल.

मग त्या नऊमधल्या दोन भुकेच्या कुठल्या, हे आधी ओळखायला हवं, कारण भुकेल्या बाळाला निपल देणं म्हणजे जेवायला बसलेल्याला रिकामं ताट देणं. दोन रात्री फक्त कान देऊन ऐक. अंगावर घेतलंस की भुकेलं बाळ सुरुवातीला भरभर ओढतं आणि मग लांब घोट, प्रत्येक घोटाला घशातून 'क्' असा बारीक आवाज, हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते, परत वर. नुसतं झोपेसाठी चोखणारं बाळ फुलपाखरासारखं ओठांच्या टोकानं थरथर करतं, घोट नाही, आवाज नाही, आणि दोन मिनिटांत ढिलं पडतं. बहुतेक घरांत खरी भूक मध्यरात्रीनंतर एकदा आणि पहाटे एकदा असते. त्या वेळी सरळ दूध द्यायचं, निपल मध्ये आणायचंच नाही. (वजनाचं कार्ड जरा बघून घे. वजन नीट वाढत नसेल तर हा सगळा प्रकार थांबवून आधी डॉक्टर, कारण निपलनं भूक झाकली जाते कधीकधी.)

उरलेल्या सात वेळांसाठी दोन रस्ते आहेत. एक, निपल ठेवायचं पण ते चिऊनं स्वतः शोधून स्वतः तोंडात घालायचं. दोन, निपल बंद. तिसरा जो रस्ता सगळे घेतात, म्हणजे सोमवारी बंद, मंगळवारी फार रडली म्हणून दिलं, बुधवारी सासूबाईंसमोर बंद आणि रात्री चोरून चालू, तो सगळ्यात वाईट, कारण त्यातून बाळ एवढंच शिकतं की अर्धा तास ताणून धरलं की मिळतं.

मी तुझ्या जागी असते तर पहिला घेतला असता. माझं डोंबिवलीला बावीस वर्षं पाळणाघर होतं, त्यात मी बघितलंय की सात-आठ महिन्यांच्या पोरांना हे जमायला लागतं, हातात आलेली प्रत्येक गोष्ट तशीही तोंडातच जात असते त्यांची. पण शिकवायचं दिवसा. चिऊ जागी आहे, पोट भरलेलं आहे, खेळतेय, तेव्हा निपल तिच्या तोंडात नाही, तळहातावर ठेव. तिचा हात धरून तोंडाकडे ने. दुसऱ्या दिवशी हात कोपराशी धर. मग नुसतं समोर सतरंजीवर ठेव आणि बघत बस. उलटं घालेल, कडेची चकती चोखेल, चिडून फेकेल, हसू नकोस, मध्ये पडू नकोस. यात एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही: ज्या निपलचं टोक एका बाजूनं चपटं असतं ते सरळ घातलं तरच नीट बसतं, अंधारात सात महिन्यांच्या बाळाला ते कसं जमणार, म्हणून गोल बोंडाचं घे, कसंही घातलं तरी चालतं.

आठवडाभर दिवसा सराव झाला की रात्री तिच्या डोक्याच्या आजूबाजूला एकाच्या जागी तीन-चार निपलं टाकून ठेव, हात कुठेही गेला तरी एक लागलंच पाहिजे. ती रडली की तोंडात द्यायचं नाही, तिचा हात धरून निपलवर नेऊन ठेवायचा आणि आपण मागे. पहिल्या तीन रात्री तुला वाटेल यापेक्षा तोंडात दिलेलं बरं होतं, लवकर आटपतं, आणि ते खरंय, लवकरच आटपतं. पण ते लवकर आटपणंच तुला नऊ वेळा उठवतंय.

आणि लगेच झडप घालू नकोस गं. बाळं झोपेत खूप आवाज करतात, पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, ऊं ऊं करतात, एखादा हुंदका पण येतो, आणि यातलं बरंचसं झोपेतच चाललेलं असतं. आपण धावत जाऊन निपल कोंबतो आणि त्या कोंबण्यानंच ते जागं होतं. मोठ्या मुलाच्या वेळी मी हेच करायचे. एकदा रात्री टॉर्च घेऊन दिवाणाखाली शोधतेय, पोरगं वर गाढ झोपलेलं, आणि निपल सापडलं ते आमच्या ह्यांच्या पाठीखाली. त्या दिवसापासून दोन मिनिटं मोजायला लागले. अर्ध्या वेळा दोन मिनिटांत आपोआप गप्प व्हायचा.

दुसरा रस्ता घ्यायचा असेल तर तोही वाईट नाही, सहा महिन्यांनंतर निपल कमी करत जा असं डॉक्टर तसंही सांगतात, कारण सतत निपल असलेल्या पोरांना कानाचं इन्फेक्शन जास्त होतं. आधी दिवसाचं बंद कर, ते सोपं असतं, उचलून फिरवलं, खिडकीतला कावळा दाखवला की झालं. मग रात्री झोप लागायच्या जरा आधी, डोळे जड झाले आणि चोखणं मंदावलं की हळूच काढून घ्यायचं, हनुवटीला खालून एक बोट लावून ठेवायचं. परत शोधायला लागली तर दे, परत काढ. पहिल्या रात्री आठ-दहा वेळा करावं लागेल, कंटाळा येईल, पण त्या बदल्यात थोपटणं, अंगाई, पोटावर जड हात यातलं एक काहीतरी रोज तेच दे. धीर असेल तर सरळ एका रात्रीत बंद केलं तरी चालतं, साधारण तीन ते पाच रात्री तमाशा असतो, जवळ बस, हात लाव, उचलून घे, फक्त निपल नाही. बाळाला खोलीत एकटं रडत सोड असं मी सांगणार नाही, आपल्या दोन खोल्यांच्या घरात ते होतही नाही, भिंतीपलीकडचे काका पहिले बेल वाजवतील.

नवऱ्याचं 'तू ठरव' हे वाक्य मला काही आवडलेलं नाही. अकरा ते दोन त्याची पाळी. त्याच्या अंगाला दुधाचा वास येत नाही, त्यामुळे खरं तर त्याच्याकडे ती लवकर गप्प होईल.

जायफळ अजिबात नाही. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर डॉक्टरांचं नाव पुढे कर, पण चाटवू नको आणि दुसऱ्या कुणाला चाटवू देऊ नको. जास्त झालं तर जायफळानं विषबाधा होते, आणि उगाळताना किती गेलं हे मोजणार कोण, सहाण? एकेकाळी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बाळागोळी देऊन कामाला जायच्या, बाळं शांत झोपायची, ती शांतता कसली होती ते आता आपल्याला कळतं. तसंच निपलला मध लावून देणं, वर्षाच्या आत मध नाहीच, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. गूळ-साखर लावली तर नुकते येणारे दात किडतात. सर्दीचं औषध दिलं की छान झोपतो असं कुणी सांगितलं तर त्या मैत्रिणीचा फोनच घेऊ नकोस.

निपल काळ्या दोऱ्यानं गळ्यात बांधलेलं असेल तर आत्ता, हे वाचताना, काप. झबल्याला सेफ्टी पिननं अडकवलेलं पण रात्री नको. पाळणाघरात एक बाळ यायचं, गळ्यात काळा गोफ आणि त्याला निपल, आई म्हणायची पडत नाही, हरवत नाही, सोयीचं पडतं. मी रोज काढून ठेवायचे आणि संध्याकाळी रोज बोलणी खायचे. दोऱ्यानं गळ्याला फास बसायला एक कूस पुरते. मोहरीची उशी, दोन बाजूंचे लोड, मऊ दुपटी, हे सगळंही झोपताना बाहेर. पाठीवर झोपवायचं, सपाट आणि कडक गादीवर, तुमच्याच खोलीत पण स्वतःच्या जागेवर. निपल घेताना चकतीला हवेची भोकं असलेलं आणि चकती बाळाच्या तोंडात जाणार नाही एवढी मोठी, दीड इंचाच्या वर, असं घे. उकळून घे, रोज ओढून बघ, चिकट झालं किंवा चीर दिसली की कचऱ्यात. आणि जमिनीवर पडलेलं स्वतःच्या तोंडात घालून 'साफ' करू नकोस, आपल्या दातकिडीचे जंतू तिला फुकट कशाला.

अजून एक, तू झोपवतेस कधी हे लिहिलंच नाहीस. रात्री अकरापासून मोजलंस म्हणजे माझा अंदाज, बाबा नऊला येतात, मग अर्धा तास उडवाउडवी, खिदळणं, मग सिरियलचा आवाज, मग साडेदहाला 'अगं ही झोपतच नाही'. या वयाला दिवसाची धरून १२ ते १६ तास झोप लागते. पार थकलेलं बाळ जास्त वेळा उठतं, आपल्याला उलटं वाटतं. आठ-साडेआठला दिवे कमी, दूध, गाणं, गादी. बाबांनी सकाळी खेळावं, सकाळी पण बाबाच असतात ते.

आजपासून सुरू केलंस तर ऑफिसच्या आधी तीन आठवडे मिळतात, पुरतील. जॉईन व्हायच्या आठवड्यात सुरू करू नकोस, ताप असताना किंवा लस टोचल्याच्या रात्री पण नको. आणि रडण्याबरोबर ताप असेल, दूध सोडलं असेल, कान ओढत असेल, किंवा झोपेत मोठ्यानं घोरणं, श्वास अडकल्यासारखा वाटणं असं काही असेल तर निपल राहू दे बाजूला, डॉक्टरकडे जा.

*आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो, बाळ पाच महिन्यांचं. इथल्या हेल्थ व्हिजिटर बाई (बाळांची चौकशी करणाऱ्या सरकारी नर्स) म्हणतात डमी (म्हणजे आपली चोखणी) देताय तर झोपताना रोज द्या, ते सुरक्षित आहे. पुण्याहून माझी आई व्हिडिओ कॉलवर रोज ओरडते की हॉस्पिटलमध्ये चोखणी देऊ नका असा बोर्ड असतो. नेमकं कुणाचं ऐकायचं? दोघींपैकी एक खोटं बोलतेय का?*
*— एक बाबा*

बाबा, दोघी खऱ्या आहेत, फक्त दोघी वेगवेगळ्या भीतीबद्दल बोलतायत. तिकडे भीती आहे ती बाळ झोपेत अचानक दगावण्याची. झोपताना डमी असेल तर हा धोका कमी दिसतो, म्हणून तिथली लल्लबाय ट्रस्ट ही संस्था सांगते की डमी वापरत असाल तर प्रत्येक झोपेला द्या, दूध पाजणं नीट बसल्यावर म्हणजे साधारण चार आठवड्यांनी सुरू करा आणि ६ ते १२ महिन्यांच्या मध्ये सोडवा. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ पण साधारण असंच सांगतात. आपल्याकडे भीती आहे ती अंगावरचं दूध तुटण्याची आणि अस्वच्छ चोखणीतून जुलाब होण्याची. स्तनपानासाठी हॉस्पिटलांना घालून दिलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा पायऱ्यांमध्ये पूर्वी अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नका अशी एक पायरी होती, २०१८ मध्ये ती बदलून आईला त्यातले धोके समजावून सांगा अशी केली. तुमच्या आईंनी बघितलेले बोर्ड त्या जुन्या पायरीतले असणार.

तुमच्या घरी दूध व्यवस्थित चाललंय, उकळायची सोय आहे, तर हेल्थ व्हिजिटर बाईंचं ऐका. फक्त झोपेत पडलं तर परत उचलून घालायची गरज नाही, हे त्यांच्याच सल्ल्यात असतं पण आपण ऐकत नाही. असं असताना रात्रभर पहारा कशाला देताय? आणि आईंना सांगा सहा महिन्यांनंतर सोडवायला घेणार आहोत, तारीख सांगितली की आया शांत होतात.

*माझा नातू अडीच वर्षांचा आहे. निपलशिवाय झोपत नाही, रात्री दोनदा तरी उठून मागतो. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं वरचे-खालचे पुढचे दात मिटत नाहीत, मध्ये फट पडलीये. मुलगी आणि जावई म्हणतात बंद करायचं. मात्र तो आमच्याकडे राहायला आला की आमच्या सौ. हळूच देतात, देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये एक ठेवलेलं असतं. काय करावं?*
*— एक आजोबा, सांगली*

आजोबा, ड्रॉवरचं तुम्ही स्वतःहून सांगितलंत म्हणून निम्मं काम झालं. अडीच वर्षांच्या मुलाला सगळं समजतं, त्याला विश्वासात घेऊनच बंद करायचं, गपचूप गायब करायचं नाही आणि कडुनिंब-मिरची लावायची नाही. तीन वर्षांच्या आत सुटलं तर ती फट बहुतेक वेळा आपोआप बरीच भरून येते, त्यामुळे वेळ गेलेली नाही, पण फार उरलेली पण नाही. आधी 'निपल फक्त गादीवर' हा नियम करा, गादीवरून उठलं की निपल उशीपाशी. आठवडाभर हे जमलं की दिवस त्यालाच ठरवू द्या, मामाकडे जायचा, वाढदिवसाचा, कुठलाही, आणि त्या दिवशी त्याच्याच हातानं डब्यात टाकून डबा बंद. पहिल्या दोन-तीन रात्री दोनदा उठेल तेव्हा पाणी द्या, शेजारी पडून राहा, गोष्ट सांगा, एकच सांगा, रोज नवी नको.

दोन घरांत दोन नियम असतील तर मात्र यातलं काही चालणार नाही. सौ.ना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, त्या डब्यात टाकायला पहिलं निपल ड्रॉवरमधलं हवंय.